नाताळाच्या उगमाचा इतिहास तपासून कसा लिहावा

नाताळाच्या उगमाविषयी दोन गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात. येशू ख्रिस्ताचा जन्म २५ डिसेंबर रोजी झाला आणि तेव्हापासून ख्रिस्ती लोक तो दिवस पाळत आले, ही पहिली. हा मुळात रोमन सूर्यदेवाचा सण होता आणि चर्चने तो उचलून आपलासा केला, ही दुसरी. या विषयावर लेख लिहू किंवा व्याख्यान देऊ इच्छिणाऱ्याला दोन्हींच्या बाजूने भरपूर मजकूर मिळतो, पण त्यातील बराचसा मजकूर एकमेकांवरून उतरवलेला असतो आणि मूळ साक्ष कोठेच दिलेली नसते. अशा वेळी एकच सवय उपयोगी पडते. प्रत्येक विधानापुढे थांबून ते सर्वांत आधी कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिले हे विचारावे. या विषयातील जवळजवळ सगळा गोंधळ साक्षीची तारीख न पाहिल्यामुळे झालेला आहे.

कामाला लागण्यापूर्वी तीन प्रश्न वेगवेगळ्या पानांवर लिहून ठेवावेत. येशूचा जन्म केव्हा झाला, हा पहिला. त्या जन्माचा सण २५ डिसेंबरला पाळण्यास केव्हा, कोठे आणि का सुरुवात झाली, हा दुसरा. सजवलेले झाड, गव्हाणीचा देखावा, भेटवस्तू, सांताक्लॉज या चालीरीती केव्हा आणि कोठून आल्या, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे निरनिराळ्या शतकांत आणि निरनिराळ्या प्रदेशांत सापडतात. झाडाची चाल जर्मन भाषिक प्रदेशातून पसरली म्हणून सण जर्मन ठरत नाही आणि जन्मतारीख अज्ञात आहे म्हणून सण खोटाही ठरत नाही. ज्याचा जन्मदिवस कोणाला ठाऊक नाही, त्याच्या जन्माचे स्मरण ठरवून घेतलेल्या दिवशी करण्यात अप्रामाणिक असे काहीच नाही.

शुभवर्तमानांपासून सुरुवात

पहिल्या प्रश्नासाठी बायबलातील मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतील (येशूच्या चरित्रकथांतील) पहिले दोन-दोन अध्याय सलग वाचावेत. मार्क आणि योहान यांनी जन्मकथा दिलेलीच नाही. वाचताना मजकुरात प्रत्यक्ष काय आहे आणि आपण चित्रांवरून काय गृहीत धरले आहे, यांची वेगळी नोंद करावी. मत्तय पूर्वेकडून आलेल्या मागी (ज्योतिषी ज्ञानी) लोकांची हकिकत सांगतो, पण ते तिघे होते असे म्हणत नाही. लूक गव्हाणीचा उल्लेख करतो, पण तेथे बैल किंवा गाढव असल्याचे लिहीत नाही. दिवस, महिना किंवा ऋतू यांविषयी दोघेही काही बोलत नाहीत. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, यावरून तो हिवाळा असूच शकत नाही असा युक्तिवाद वारंवार केला जातो. तथापि एवढ्या एका वाक्यावरून ऋतू ठरवणे म्हणजे मजकुरावर त्याला न पेलणारे ओझे टाकणे होय. तो युक्तिवाद आपल्या लेखात पुरावा म्हणून वापरू नये.

वर्षाविषयी मात्र थोडे अधिक सांगता येते. मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला, आणि हेरोदाचा मृत्यू बहुतेक इतिहासकार इसवी सनापूर्वी ४ या वर्षी धरतात. लूक कैसर औगुस्ताच्या काळातील नावनिशीचा आणि सुरियाचा सुभेदार क्विरीनिय याचा उल्लेख करतो. योसेफस या यहुदी इतिहासकाराने वर्णन केलेली क्विरीनियाची शिरगणती इसवी सन ६ मधील आहे. या दोन वर्षांचा मेळ सरळपणे बसत नाही आणि लेखात तो ओढूनताणून बसवण्याची गरज नाही. आज प्रचलित असलेली इसवी सनाची मोजणी डायोनिसियस एक्झिगुअस या संन्याशाने ५२५ च्या सुमारास मांडली आणि तिच्यात येशूच्या जन्माचे वर्ष काही वर्षे उशिराचे धरले गेले. त्यामुळे येशूचा जन्म ‘ख्रिस्तपूर्व’ काळात झाला असे विचित्र वाटणारे वाक्य लिहावे लागले, तर ते न कचरता लिहावे आणि त्याचे हे कारणही तेथेच द्यावे.

साक्षींची काळानुसार मांडणी

दुसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे, आणि लेखाची जास्तीत जास्त जागा त्यालाच द्यावी. त्यासाठी उपलब्ध उल्लेख काळाच्या क्रमाने मांडावेत आणि प्रत्येकासमोर तो लेखक नेमके काय म्हणतो एवढेच लिहावे. अनुमान नंतर करावे.

सुमारे २०० मध्ये अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक ख्रिस्तजन्माच्या निरनिराळ्या तारखा नोंदवतो. इजिप्शियन पंचांगातील त्या तारखा काहींच्या मते २० मे, तर काहींच्या मते १९ किंवा २० एप्रिल अशा पडतात. बॅसिलिडीस या पंथप्रमुखाचे अनुयायी येशूच्या बाप्तिस्म्याचा दिवस ६ किंवा १० जानेवारीला पाळतात, असेही तो सांगतो. त्याने दिलेल्या या मतांमध्ये २५ डिसेंबर नाही. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ऑरिजेन हा ख्रिस्ती विद्वान लिहितो की पवित्र शास्त्रात वाढदिवसाचा उत्सव करताना फारो आणि हेरोद यांच्यासारखे पापीच दिसतात. तेव्हा त्याच्या भोवतालच्या ख्रिस्ती समाजात जन्मोत्सव रुळलेला नसावा. २४३ मध्ये लिहिलेली ईस्टरच्या गणिताची एक लॅटिन पुस्तिका जन्म २८ मार्चला धरते, कारण सृष्टीच्या चौथ्या दिवशी सूर्य निर्माण झाला आणि त्या लेखकाच्या हिशेबाने तो दिवस २८ मार्चला येतो. तिसऱ्या शतकातील हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकाच्या नावावर असलेल्या, दानीएलाच्या पुस्तकावरील भाष्यात मात्र २५ डिसेंबर आढळतो; परंतु ते शब्द मूळचे की नंतर कोणी घातलेले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणून हा उल्लेख करायचा असेल, तर वादाचा निर्देश त्याच वाक्यात करावा.

ही मांडणी पूर्ण झाली की एक गोष्ट आपोआप दिसू लागते: पहिल्या दोन शतकांतील ख्रिस्ती समाजाचे लक्ष येशूच्या मृत्यूवर आणि पुनरुत्थानावर केंद्रित होते, आणि जन्मदिवसाचे कुतूहल नंतर हळूहळू वाढले. २५ डिसेंबरचा निर्विवाद उल्लेख शोधत गेल्यास आपण चौथ्या शतकातील रोममध्ये पोहोचतो.

रोममधील एका वहीचे वाचन

हा उल्लेख ज्या संग्रहात आहे तो ३५४ मध्ये व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थासाठी फिलोकॅलस या सुलेखनकाराने सजवून तयार केला. मूळ प्रत नष्ट झाली असून तिच्या उत्तरकालीन नकलांवरून मजकूर आपल्याला कळतो. त्यातील हुतात्म्यांच्या यादीची पहिलीच ओळ सांगते की जानेवारीच्या पहिल्या दिवसापूर्वीच्या आठव्या दिवशी यहुदियातील बेथलेहेम येथे ख्रिस्ताचा जन्म झाला. रोमन पद्धतीत दोन्ही टोकांचे दिवस मोजले जात असल्याने ती तारीख २५ डिसेंबर होते.

मग पुष्कळ पुस्तकांत ‘३३६ मध्ये रोम येथे पहिला नाताळ’ असे जे छापलेले असते, ते कोठून आले? याचे उत्तर समजून घेणे हा या संपूर्ण अभ्यासातील सर्वांत सुंदर भाग आहे, असे मला वाटते. याच संग्रहात रोमच्या बिशपांच्या दफनदिनांची यादी आहे आणि तीही डिसेंबरच्या अखेरीपासून सुरू होऊन वर्षाच्या क्रमाने पुढे जाते. ३१ डिसेंबर ३३५ रोजी मरण पावलेला सिल्व्हेस्टर त्या क्रमात आपल्या योग्य जागी आहे. परंतु ७ ऑक्टोबर ३३६ रोजी मरण पावलेला मार्क आणि १२ एप्रिल ३५२ रोजी मरण पावलेला ज्युलियस यांची नावे क्रम मोडून शेवटी जोडलेली आहेत. याचा अर्थ मूळ यादी सिल्व्हेस्टरच्या मृत्यूनंतर आणि मार्कच्या मृत्यूपूर्वी, म्हणजे ३३६ मध्ये, तयार झाली आणि पुढची नावे नंतर भरली गेली. हुतात्म्यांची यादीही त्याच वेळची मानली जाते. तेव्हा ३३६ हे वर्ष कोणा प्रत्यक्षदर्शीने सांगितलेले नसून यादीच्या रचनेवरून काढलेले अनुमान आहे. अनुमान बळकट आहे, पण ‘पहिला नाताळ’ हे शब्द चुकीचे आहेत, कारण यादीत सण पूर्वीपासून असल्यासारखाच येतो. लेखात ‘३३६ च्या सुमारास रोममध्ये हा दिवस पाळला जात असल्याचे दिसते’ असे लिहावे.

त्याच संग्रहातील नागरी पंचांगात २५ डिसेंबरसमोर दुसरी एक नोंद आहे: ‘अजिंक्याचा जन्मदिवस, ३० रथशर्यती’. ही नोंद सामान्यतः अजिंक्य सूर्याची समजली जाते. ख्रिस्ताचा आणि सूर्याचा जन्मदिवस एकाच वहीत, एकाच तारखेला, शेजारी नांदत आहेत. आणि यातील कोणता आधी, हे ती वही सांगत नाही.

दोन मतांचे वजन

पहिले मत असे की ख्रिस्ती लोकांनी सूर्याच्या सणाची तारीख घेतली. ऑरेलियन या सम्राटाने २७४ मध्ये रोममध्ये अजिंक्य सूर्याचे मंदिर उभारले, हे पक्के आहे. मात्र ते २५ डिसेंबरला अर्पण केल्याचे त्या काळचा लेख सांगत नाही. सूर्याच्या सणाची ही तारीख आपल्याला ३५४ च्या त्याच संग्रहातून कळते. चर्चने जाणूनबुजून सण हलवला असे स्पष्ट सांगणारी जी टीप नेहमी दिली जाते, ती बाराव्या शतकातील डायोनिसियस बार सालिबी या सिरियाक लेखकाच्या ग्रंथाच्या हस्तलिखितात अज्ञात हाताने समासात लिहिलेली आहे. घटनेनंतर आठशे वर्षांनी लिहिलेली समासटीप प्रत्यक्ष साक्ष म्हणून पुढे करू नये. दुसरीकडे, या मताला आधारच नाही असेही लिहू नये. पाचव्या शतकाच्या मध्यास रोमचा बिशप लिओ आपल्या नाताळाच्या प्रवचनात, संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्यांवर वळून उगवत्या सूर्याला नमन करणाऱ्या ख्रिस्ती लोकांची कानउघाडणी करतो. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनही श्रोत्यांना बजावतो की हा दिवस सूर्यासाठी पाळू नये, सूर्य ज्याने निर्माण केला त्याच्यासाठी पाळावा. दोघांच्या काळी लोकांच्या मनात हे दोन दिवस एकमेकांजवळ होते, हे उघड आहे.

दुसरे मत गणिताचे आहे आणि ते १८८९ मध्ये लुई द्युशेन या फ्रेंच अभ्यासकाने मांडले. तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक येशूच्या मृत्यूची तारीख २५ मार्च देतो. महापुरुषाचे आयुष्य पूर्ण वर्षांचे असते या समजुतीने गर्भधारणाही त्याच तारखेला मानली, तर नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडील काही लोक मृत्यूची तारीख ६ एप्रिल धरत आणि तेथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, जो पूर्वेकडे प्रकटनाचा (ख्रिस्त जगापुढे प्रकट झाल्याचा, एपिफनीचा) सण होता. दोन्हीकडे हिशेब जुळतो हे या मताचे बळ होय. गर्भधारणा आणि मृत्यू यांची तारीख २५ मार्च आणि जन्माची २५ डिसेंबर असे ऑगस्टीन स्पष्टपणे लिहितो. पण तो पाचव्या शतकात लिहितो आहे, तोवर सण रुळला होता. मार्चपासून डिसेंबर असा हिशेब उघडपणे मांडणारा चौथ्या शतकापूर्वीचा निर्विवाद मजकूर हाती नाही, ही या मताची दुबळी बाजू.

माझे मत असे की ही दोन मते एकमेकांची शत्रू नाहीत. ज्युलियस सीझरच्या पंचांगात परंपरेने २५ मार्च हा वसंतसंपाताचा आणि २५ डिसेंबर हा हिवाळी अयनाचा दिवस समजला जात असे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनीदेखील अयनाची हीच तारीख देतो. सूर्यपूजकांनी आणि जुन्या करारातील मलाखीच्या पुस्तकातील ‘नीतिमत्तेचा सूर्य’ ही उपमा ख्रिस्ताला लावणाऱ्यांनी एकाच आकाशाकडे पाहिले. दिवस पुन्हा वाढू लागण्याच्या क्षणाचे महत्त्व दोघांनाही जाणवले, आणि त्यासाठी एकाने दुसऱ्याकडून उचल करायलाच हवी होती असे नाही.

सॅटर्नेलिया या सॅटर्न देवाच्या रोमन सणाविषयी दोन वाक्ये पुरेत. तो सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ पर्यंत वाढला होता. भेटी आणि मेजवान्या त्यात होत्या, परंतु त्याची तारीख नाताळाची नव्हती. रोमन साम्राज्यात पुजल्या जाणाऱ्या मित्र (मिथ्रास) या देवतेचा जन्मदिवस २५ डिसेंबर होता, हे विधान तर वगळावेच, कारण त्याला प्राचीन साक्ष नाही.

आणखी दोन प्रचलित विधाने तपासून पाहण्यासारखी आहेत. नाताळाची तारीख कॉन्स्टन्टाईनने किंवा ३२५ च्या नायसिया परिषदेने ठरवली, असे म्हणतात. परिषदेने ईस्टरच्या तारखेचा प्रश्न हाताळला. शिवाय कॉन्स्टन्टाईनने स्वतः वसवलेल्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, २५ डिसेंबरचा सण ३८० च्या सुमारास, तेथील बिशप नाझियान्झसच्या ग्रेगरीच्या काळात दिसू लागतो. सम्राटाचा हुकूम असता, तर त्याच्याच नगरीत तो सुमारे अर्धशतक उशिरा पोहोचला नसता. दुसरे विधान असे की दुसऱ्या शतकातील टेलेस्फोरस या बिशपाने जन्मसणाची रात्रीची उपासना सुरू केली. हे सांगणारा बिशपांचा चरित्रसंग्रह सहाव्या शतकातील आहे, म्हणून ते सोडून द्यावे.

सण पसरतो, नाकारलाही जातो

प्रसाराचा भाग लिहिताना नकाशा समोर ठेवावा. ३८६ मध्ये सुरियातील अंत्युखियात योहान क्रिसोस्टोम हा धर्मोपदेशक आपल्या प्रवचनात सांगतो की हा दिवस येथे माहीत होऊन दहा वर्षेही झालेली नाहीत आणि तो पश्चिमेकडून आला आहे. तारखेच्या समर्थनासाठी तो बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या या याजकाच्या मंदिरातील सेवेवरून महिने मोजतो, पण त्यासाठी जखऱ्या प्रमुख याजक होता असे धरून चालतो. लूक तर त्याची निवड चिठ्ठ्या टाकून झाल्याचे सांगतो. श्रद्धावान आणि विद्वान माणसाचा हिशेबही कसा तपासायचा, याचे हे चांगले उदाहरण आहे. यरुशलेममध्ये २५ डिसेंबर सहाव्या शतकात रुजला. आर्मेनियन चर्चने ही तारीख स्वीकारली नाही आणि ते आजही ६ जानेवारीलाच जन्म आणि प्रकटन एकत्र पाळते. ५६७ च्या फ्रान्समधील तूर येथील परिषदेत नाताळापासून प्रकटनापर्यंतचा काळ सणाचा मानलेला दिसतो.

सणाला विरोध करणारे बहुधा ख्रिस्तीच होते, ही बाब लेखात अवश्य यावी. शास्त्रात या सणाची आज्ञा नाही, तो रोमन चर्चचा अवशेष आहे आणि त्यात दंगामस्ती चालते, अशी प्युरिटन या कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट लोकांची भूमिका होती. इंग्लंडच्या पार्लमेंटने जून १६४७ मध्ये नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्ट रद्द केले. त्या वर्षी नाताळाला कँटरबरीत दंगल उसळली. १६६० मध्ये राजसत्ता परतल्यावर ती बंदी गेली. या बंदीचे श्रेय किंवा दोष एकट्या ऑलिव्हर क्रॉमवेल या प्युरिटन सेनानीला देण्याची चाल आहे, पण निर्णय पार्लमेंटचा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला आणि १६८१ मध्ये तो कायदा मागे घेतला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळ सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो १९५८ मध्ये.

चालीरीतींकडे वळताना

तिसऱ्या प्रश्नासाठी ‘प्राचीन’ हा शब्द बाजूला ठेवावा आणि प्रत्येक चालीची पहिली लेखी नोंद शोधावी. गव्हाणीचा देखावा लोकप्रिय होण्याचे श्रेय असिसीच्या फ्रान्सिसला दिले जाते, कारण १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे त्याने गवत, बैल आणि गाढव आणून मिस्सा (ख्रिस्ती उपासना) अर्पण करवली. ते दोन प्राणी यशयाच्या पहिल्या अध्यायातून चित्रपरंपरेत आले. झाडाविषयी १६०५ ची स्ट्रासबर्गमधील एका प्रवाशाची नोंद मोलाची आहे: लोक घरात फरची झाडे उभी करून त्यांना रंगीत कागदी गुलाब, सफरचंदे आणि पापडीसारखे भाजलेले पातळ तुकडे टांगतात, असे तो लिहितो. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहून पहिले झाड उजळले, या कथेला त्याच्या काळचा आधार नाही. इंग्लंडमध्ये राणी शार्लटने १८०० मध्ये झाड सजवले होते, पण १८४८ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र साप्ताहिकात छापून आल्यावर ती चाल सामान्य घरांत झपाट्याने पसरली. छापील शुभेच्छापत्र १८४३ मध्ये हेन्री कोल याने काढले.

उत्तर युरोपातील ‘यूल’ या हिवाळी सणाविषयी लिहिताना बीड या इंग्रज संन्यासी-इतिहासकाराचा आधार घ्यावा. ७२५ च्या सुमारास तो सांगतो की पूर्वीचे अँग्लो लोक २५ डिसेंबरला वर्ष सुरू करीत आणि त्या रात्रीला ‘मातांची रात्र’ म्हणत. त्या रात्री काय केले जाई, याचा तपशील तो देत नाही. म्हणून पुढच्या काळातील चाली त्या रात्रीत भरू नयेत.

सांताक्लॉजचे मूळ असलेला संत निकोलस हा आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथील बिशप. त्याचा सण ६ डिसेंबरचा, आणि त्याच्या अस्थी १०८७ मध्ये इटलीतील बारी येथे नेण्यात आल्या. डच लोकांच्या परंपरेतून त्याचे रूप एकोणिसाव्या शतकातील न्यू यॉर्कमध्ये बदलले, १८२३ मध्ये छापलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली आणि टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याची चित्रे काढली. कोका-कोलाच्या जाहिरातीने त्याला लाल कपडे दिले, हे विधान गाळावे. हॅडन सन्डब्लॉमची ती चित्रे १९३१ पासूनची आहेत, आणि त्याआधीच्या मासिकांच्या रंगीत मुखपृष्ठांवर लाल अंगरख्यातील सांता दिसतो.

मसुदा तयार झाल्यावर प्रत्येक वाक्याचा सूर साक्षीच्या बळाशी जुळतो का, हे पाहावे. समकालीन नोंद असेल तेथे ‘झाले’ म्हणावे, अनुमान असेल तेथे ‘दिसते’ किंवा ‘असावे’ म्हणावे, आणि उत्तरकालीन कथा असेल तेथे ती कथा केव्हा प्रथम आढळते ते सांगावे. तारखांबाबत पंचांगाचाही उल्लेख करावा. रशियन ऑर्थोडॉक्स चर्च २५ डिसेंबरलाच नाताळ पाळते, परंतु ज्युलियसच्या पंचांगाप्रमाणे. १५८२ मध्ये सुधारलेल्या ग्रेगरीच्या पंचांगात तो दिवस सध्या ७ जानेवारीला येतो, कारण दोन्हींतील अंतर १३ दिवसांचे आहे. हे अंतर २१०० मध्ये १४ दिवसांचे होणार असल्याने, ‘ऑर्थोडॉक्स नाताळ ७ जानेवारीला असतो’ असे सरसकट लिहिण्याऐवजी ‘ज्युलियसचे पंचांग पाळणाऱ्या चर्चांत, सध्या’ हे शब्द जोडावेत. ग्रीक चर्चसह अनेक ऑर्थोडॉक्स चर्च पाश्चात्त्य चर्चांबरोबरच नाताळ पाळतात, आणि युक्रेनने २०२३ मध्ये कायद्याने आपली सुटी २५ डिसेंबरला आणली.